थ्री-नॉट-थ्री घेऊन कॅरिबूच्या मागे जाण्याआधी ओलीचं बघ

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही सुटायला नको. तू दोन वर्षांच्या नोकरीवर उत्तर कॅनडात, नुनावुतमधल्या रँकिन इनलेटला आला आहेस. बंदुकीचं लायसन्स झालंय, शिकारीचंही झालंय. शेजारचे इनुइट (इथले मूळ रहिवासी) आजोबा त्यांची जुनी ली-एनफिल्ड, थ्री-नॉट-थ्री बोअरची, १९४३ ची, तुला स्वस्तात द्यायला तयार आहेत. सेकंडहँड स्किडू, म्हणजे बर्फावरची मोटारगाडी, तू घेऊनच बसलायस. मार्चमध्ये कॅरिबूला, म्हणजे इथल्या रानटी हरणाच्या शिकारीला, जायचंय. आणि विचारतोस की ऐंशी वर्षांची ही लष्करी रायफल उणे ३५ ला चालेल का, की सरळ नवी घेऊ? वर मला काका म्हणतोस, म्हणून मी तुला अरे-तुरे करतोय.

रायफल चालेल. तू चालशील का आणि स्किडू चालेल का, ते आधी बघावं लागेल.

मी इथे एकोणीस हिवाळे काढलेत. पोटापाण्याला डिझेल मेकॅनिक, आणि त्यातली बरीच वर्षं कॅनेडियन रेंजर्समध्ये. रेंजर्स म्हणजे लाल स्वेटशर्टवाले अर्धवेळ सैनिक, १९४७ पासून उत्तरेची राखण करणारे. त्यांना सुरुवातीपासून हीच ली-एनफिल्ड नंबर ४ दिली जायची. २०१८ च्या सुमारास तिच्या जागी सी-१९ आली. ती फिनलंडच्या टिक्काची आवृत्ती आहे, कॅनडात बनवलेली, .३०८ बोअरची, लालसर दस्त्याची. बदलण्याचं मुख्य कारण जुन्या रायफलचे सुटे भाग मिळेनासे झाले हे होतं. रायफल थंडीला हरली असं काही झालेलं नव्हतं. बऱ्याच जणांनी आपली जुनी ठेवून घेतली, मीही.

माझं या बोअरशी नातं त्याआधीचं आहे. मी खडकीचा. वडील दारूगोळा कारखान्यात होते, भोंग्यावर आमचं घर चालायचं. थ्री-नॉट-थ्री हा शब्द आपल्याकडे कुणाला सांगावा लागत नाही, पिढ्यान् पिढ्या हवालदाराच्या खांद्यावर तीच पाहिली, आणि २६/११ ला सीएसटीवर पोलिसांच्या हातात याच बोअरची रायफल होती. इथे आल्यावर तिसऱ्या की चौथ्या वर्षी एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने मला डब्यातलं एक जुनं काडतूस दाखवलं. बुडावर ‘केएफ’ अशी दोन अक्षरं. किरकी फॅक्टरी, किरकी म्हणजे इंग्रजांची खडकी. आमच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटं. ते काडतूस त्याने मला देऊन टाकलं. आज ते माझ्या देव्हाऱ्याशेजारी आहे आणि तिथेच राहील.

आता मुद्द्याचं. इथे नवा माणूस थंडीला घाबरतो आणि ओलीकडे दुर्लक्ष करतो. उणे ३५ ची हवा खडखडीत कोरडी असते. त्या हवेत बंदूक वर्षानुवर्षं गंजणार नाही, मांस सडणार नाही, कपडे भिजणार नाहीत. ओल येते ती तुझ्याकडून. तुझा घाम, तुझा श्वास, तुझं गरम घर, अर्धी रिकामी ठेवलेली पेट्रोलची टाकी. आणि जिथे ओल शिरते तिथे रात्रीत बर्फ होतो.

माझा पहिला हिवाळा सांगतो. साठेक किलोमीटर हिंडून रिकाम्या हाताने परत आलो आणि खडकीच्या संस्काराप्रमाणे बंदूक आधी घरात घेतली, जपायला. पाच मिनिटांत ती पांढरी झाली, दहा मिनिटांत तिच्यावरून पाणी ओघळायला लागलं. मी फडक्याने बाहेरून छान पुसली, तेल लावलं, आणि पहाटे बाहेर काढली. बोल्टच्या (काडतूस आत ढकलणाऱ्या मागच्या दांड्याच्या) आत, चापाच्या यंत्रणेत, मॅगझीनच्या स्प्रिंगवर जे पाणी राहिलं होतं त्याचा चाळीस मिनिटांत दगड झाला. ऐंशी मीटरवर कॅरिबू उभं, आणि बोल्ट जागचा हलेना. माझ्याबरोबरच्या उस्तादाने माझ्याकडे पाहिलं, बंदूक हातातून काढून घेतली, स्किडूमागे ओढायच्या घसरगाडीवर ठेवली आणि थर्मासमधला चहा माझ्या पुढ्यात धरला. बोलला काहीच नाही. इथली माणसं असंच शिकवतात.

तेव्हा बंदूक थंड ठेव. इथल्या घरांना बाहेरच्या दाराशी एक थंड खोली असते, आपल्या पडवीसारखी. तिथे कुलूपबंद पेटीत, रिकामी, चापाला लॉक लावून ती हिवाळाभर राहू दे. साफसफाईसाठी आत आणायचीच असेल तर बाहेरच पिशवीत घालून चेन पूर्ण बंद कर, आत आणून ठेव आणि सकाळपर्यंत पिशवीला हात लावू नकोस. ओल पिशवीच्या बाहेरच्या बाजूवर धरते, लोखंडावर नाही.

दुसरं, तेल. तुझी रायफल ज्याने जपली त्याने नक्की तेल पाजून जपली असणार. ते सगळं काढ. उणे ३० च्या खाली साधं तेल काकवीसारखं होतं, स्ट्रायकर, म्हणजे काडतुसाच्या बुडावर टोचणारी सुई, हळू पुढे जाते, आणि तुला आयुष्यात पहिल्यांदा कळतं की ‘फुसका बार’ हा वाक्प्रचार कुठून आला. ली-एनफिल्डचा स्ट्रायकर बोल्टमधून काढायला एक खास पाना लागतो, तो गावात कुणाकडे तरी असतोच, विचार. बोल्ट पूर्ण उघडून स्टोव्हच्या नॅफ्थाने धू. घरात नाही, बाहेर, आणि पेटलेल्या स्टोव्हपासून लांब. कोरडा कर आणि तसाच कोरडा बसव. फार तर ग्रॅफाइटची चिमूट. उन्हाळ्यात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, पुन्हा तेल.

घेण्याआधी दोन गोष्टी बघ. बोल्टच्या दांडीवरचा नंबर आणि मुख्य सांगाड्यावरचा नंबर एकच आहे का? या रायफलीच्या बोल्टचं पुढचं डोकं वेगळं निघतं आणि ते ० ते ३ अशा मापांत येतं. कुणी इकडचं तिकडे बसवलं असेल तर काडतुसामागची मोकळी जागा बिघडते आणि पितळी खोळ फाटू शकते. नंबर जुळत नसतील तर गनस्मिथने गेज लावून पाहिल्याशिवाय एकही गोळी झाडू नकोस. दुसरं, नळीतून उजेडाकडे बघ. जुनी लष्करी काडतुसं ज्या प्रायमरवर, म्हणजे बार पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीवर, चालायची त्यातून मिठासारखा क्षार नळीत उरतो, आणि क्षार म्हणजे ओलीला आवतण. ज्यांनी तशी काडतुसं झाडून गरम पाण्याने नळी धुतली नाही त्यांच्या नळ्या आतून खवले पडलेल्या दिसतात. शेजारच्या आजोबांनी धुतली असेल, त्यांच्या पिढीला माहीत होतं.

काडतुसं मात्र नवी घे, १८० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट, म्हणजे मऊ नाकाची शिकारी गोळी. लष्करी गोळीला पूर्ण कवच असतं, ती जनावराच्या आरपार जाते आणि जनावर दोन किलोमीटर पळून मरतं, किंवा मरत नाही. शिवाय जुनी काडतुसं कधी उशिरा पेटतात. चाप ओढला, ‘टक’ झालं, बार नाही, तर बोल्ट उघडायची घाई करू नकोस. नळी मोकळ्या दिशेला धरून मनात अर्धं मिनिट मोज, मग उघड. माझ्या बाबतीत एकदा ‘टक’ आणि ‘धाड’ यांच्यात इतकं अंतर पडलं की मधे मी एक शिवी पूर्ण केली होती.

मॅगझीन भरताना एक खुबी आहे. या काडतुसाला बुडाशी कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे आली पाहिजे. उलटं झालं की दोन कडा एकमेकींत अडकतात, आणि जाड हातमोज्यांनी ती गाठ सुटत नाही. घरी बसून रिकाम्या खोळींवर पन्नास वेळा सराव कर. काडतुसं बाहेरच्या खिशात ठेव. आतल्या गरम खिशातलं काडतूस बर्फात पडलं की त्याच्या अंगावर बर्फ वितळून चिकटतो, आणि तो तसाच नळीत जातो.

नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकलची टेप लाव. टेपमधून गोळी आरामात जाते, नेम बदलत नाही. पण नळीत बर्फाचा बूच बसला असेल आणि तू चाप ओढलास तर नळी फुगते किंवा फाटते. स्किडूवरून पाय घसरून पडणं हे रोजचं आहे, तेव्हा टेप नसलेली बंदूक मी कुणाच्या हाती पाहिली की मीच खिशातली टेप काढून लावून देतो.

दुर्बीण लावू का, असंही विचारलंयस. नको. मागची भोकाची आणि पुढची माशी, एवढ्यावर तुझं भागेल. काच श्वासाने धुकटते, आणि घसरगाडीवरच्या हादऱ्यांनी दुर्बिणीचा नेम दोन दिवसांत सुटतो. फक्त या रायफलीचं मागचं साइट आडवं पाडलेलं असेल तर ते ३०० यार्डांचं असतं, त्यातून शंभर मीटरवर गोळी बरीच वर लागते. शिडी उभी करून सर्वांत खालच्या खुणेवर ठेव आणि थंडीतच नेम तपासून घे. उणे ४० ला हवा वीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे पंचवीस टक्के दाट असते, शिवाय थंड दारू मंद जळते. म्हणजे उन्हाळ्यात बसवलेला नेम हिवाळ्यात खाली लागतो. (उणे ४० ला सेल्सियस की फॅरनहाइट हे विचारायची गरज नाही, दोन्ही तिथे एकच होतात.) मी दीडशे मीटरच्या पुढे झाडत नाही. पांढऱ्यावर पांढरं, सावली नाही, झाड नाही. शंभर मीटर आणि तीनशे मीटर यांतला फरक डोळा सांगत नाही.

रायफलीचं एवढं पुरे. माणसं मरतात ती स्किडूमुळे.

इथे स्नोमोबाईल कुणी म्हणत नाही. सगळ्या स्किडूच, कंपनी कुठलीही असो, जसं आपल्याकडे वनस्पती तूप म्हणजे डालडा. बोंबार्डियेने क्वेबेकमध्ये १९५९ साली पहिली स्की-डू विकायला काढली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत उत्तरेतल्या कुत्र्यांच्या गाड्या जवळजवळ संपल्या. कुत्र्यांत आणि हिच्यात एक मोठा फरक आहे, उस्ताद नेहमी सांगायचा: कुत्रा रस्ता विसरत नाही आणि अगदीच वेळ आली तर खाता येतो.

तू घेतलेली पंख्याने थंड होणारी टू-स्ट्रोक असेल तर उत्तम. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला सैल बर्फ सारखा उडून लागावा लागतो, आणि इथला बर्फ वाऱ्याने दाबून फरशीसारखा झालेला. त्याच कारणाने पट्ट्याखालच्या प्लास्टिकच्या सरकपट्ट्या तापून झिजतात, त्यांना बर्फाचंच वंगण असतं. म्हणून बर्फ खरवडून उडवणाऱ्या दोन तारा मिळतात, त्या बसवून घे. सकाळी दोरी ओढण्याआधी मागची बाजू उचलून पट्टा मोकळा कर, रात्री तो जमिनीला चिकटलेला असतो. इंजिन सुरू झालं की लगेच गिअरगाडीसारखं पळवू नकोस. ड्राइव्ह बेल्ट लाकडासारखा कडक झालेला असतो, पहिली पाच मिनिटं सावकाश. जास्तीचा बेल्ट, प्लग, दोरी, पाने, हे स्किडूवरच हवेत. घसरगाडीवर ठेवलेस आणि ती सुटून मागे राहिली, तर काय करशील?

टाकी रात्री भरून ठेव. रिकाम्या टाकीच्या भिंतींवर दव धरतं, ते पाणी नळीत जाऊन गोठतं आणि गाडी बंद पडते तीही गावापासून सगळ्यात लांब असताना. दुकानात मिथाइल हायड्रेट (मिथेनॉल) मिळतं, त्याने पाणी गोठत नाही, टाकीत थोडं घालायची पद्धत आहे. पेट्रोल भरताना हाताला लागू देऊ नकोस. पेट्रोल उणे ४० लाही पातळच असतं, बाहेरच्या हवेइतकं थंड असतं, आणि कातडीवरून उडताना आणखी थंड करतं. बोटांची टोकं क्षणात पांढरी पडतात. पेट्रोल भरण्यासाठी वेगळे रबरी हातमोजे ठेव.

हिशेब असा धर: माझी गाडी एकटी असताना जेवढं पिते त्याच्या दीडपट ते दुप्पट भरलेली घसरगाडी ओढताना पिते. जायचं अंतर, यायचं अंतर, आणि तेवढंच पुन्हा वाट चुकल्याचं. दोन माणसं, दोन गाड्या. एकट्याने नाही, अगदी गाव दिसत असलं तरी नाही.

घसरगाडी म्हणतोय ते कामुतिक. दोन लांब फळ्या आणि आडव्या पट्ट्या, आणि सगळं दोरीने बांधलेलं, एकही खिळा नाही. खिळा असता तर हादऱ्यांनी निघाला असता. दोरी मुरडते, गाडी वळते, बर्फाच्या कडांवरून सापासारखी जाते. बंदूक त्यावर उघडी टाकू नकोस. लाकडी पेटी, आत फोम किंवा कॅरिबूचं कातडं, बंदुकीवर कॅनव्हासची खोळ. प्लास्टिकची नको, ओल कोंडते. नळीत काडतूस नाही, मॅगझीनही रिकामं. धावत्या स्किडूवर भरलेली बंदूक हा इथे मूर्खपणाचा पहिला नंबर आहे.

आता अंगाचं. उणे ३० ला ४० किलोमीटर वेगाने गेलास तर उघड्या कातडीला ते उणे ४८ सारखं लागतं, आणि दोन ते पाच मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. एवढं कळल्यावर नवा माणूस जे करतो ते मीही केलं: सगळे कपडे घातले. मग गाडी मऊ बर्फात रुतली, ती उपसताना घाम फुटला, आणि पुढचे दोन तास मी आतून गोठत होतो. घाम म्हणजे तुझ्या अंगातली बंदुकीवरचीच ओल. काम करायचं तर आधी काढ, मग कर, मग घाल. सुती काही अंगाला लावू नकोस. कॅरिबूच्या कातड्याचा अनोरक कुणी उसना दिला तर देवाचं देणं समज. त्या केसांत हवा कोंडलेली असते आणि त्याच्यापुढे माझे महागडे जॅकेट म्हणजे नेसलेला टॉवेल.

आणि हो, आजूबाजूला बघत जा. वायव्येचा वारा, उआंगनाक, बर्फात जिभेसारखे लांबट उंचवटे कोरतो, त्यांना उकलुराइत म्हणतात. त्यांची दिशा ठरलेली असते. निघताना त्यांना कुठल्या कोनात ओलांडतोस ते लक्षात ठेव, परतताना उलटा कोन. एवढ्या उत्तरेला होकायंत्रावर फार भिस्त ठेवू नकोस, आणि जीपीएसची बॅटरी गारठून मरते, ती छातीशी ठेव. संकटाचा संदेश उपग्रहाने पाठवणारं यंत्र घेतल्याशिवाय निघू नकोस, गावात उसनं मिळतं. पांढरा अंधार झाला, म्हणजे जमीन आणि आभाळ एक झालं, की थांब. तंबू, स्टोव्ह, चहा. निवळायला एक दिवस लागो की तीन. जे वाट हुडकायला निघाले त्यांनाच पुढे हुडकावं लागलं.

तू मार्च निवडलास ते चांगलं केलंस. रँकिन इनलेट आर्क्टिक वर्तुळाच्या बरंच खाली आहे, तरी डिसेंबरात जेमतेम पाच तास सूर्य. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो बारा तासांवर येतो. पण त्या वेळी इथला कॅरिबूंचा बराचसा कळप, कामानिर्युआक नावाचा, दक्षिणेला, झाडांच्या सीमेकडे गेलेला असतो, मागे राहिलेल्या टोळ्या मिळतात. कुठे आहेत ते स्थानिक शिकारी संघटनेत जाऊन विचार. तुझा टॅग (जनावरामागे मिळणारा शिकारीचा परवाना-बिल्ला), हंगाम, नर-मादीचे नियम हेही तिथे आणि वन्यजीव अधिकाऱ्याकडे नक्की कर. इनुइट लोकांचा हक्क १९९३ च्या नुनावुत करारातला आहे, तुझा लायसन्सवरचा. ते जे करतात ते सगळं तुला चालतं असं नाही. एक उदाहरण: मार्चमध्ये शिंगं दिसली की आपण नर समजतो. मोठे नर शिंगं हिवाळ्याच्या तोंडाला टाकतात. मार्चमधली शिंगंवाली बहुधा मादी, आणि तीही गाभण.

दिसल्यावर पाठलाग करू नकोस. पळवून दमवलेल्या जनावराचं मांस काळपट आणि बेचव होतं, शिवाय हिवाळ्यात त्यांच्या अंगावर जाळायला फारशी चरबी नसते. लांब थांब. इंजिन बंद करावं की चालू ठेवावं यावर इथे दोन मतं आहेत. मी बंद करतो, माझा मित्र म्हणतो अचानक शांतता झाली की ती जास्त बिचकतात. उतर, चार पावलं बाजूला हो, मग भर. सीटवर हातमोजा ठेवून त्यावर टेका दे, किंवा सरळ आडवा हो. वरचे जाड हातमोजे काढ, आतले पातळ ठेव, या रायफलीच्या चापाच्या कड्यात जाड बोट जात नाही. (सी-१९ चं कडं मोठं केलंय, एवढं मात्र मान्य.) उघड्या हाताने बोल्टला हात लावलास तर कातडी तिथेच राहील. श्वास खाली सोड, मागच्या भोकावर नाही, नाहीतर भोक बुजतं.

पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. टोळीत असेल तर ते एकटं बाजूला येईपर्यंत थांब, ही गोळी एकातून निघून दुसऱ्याला लागते. मागे काय आहे बघ. कडक बर्फावरून गोळी उसळते आणि इथे आडवं काहीच नाही.

पडल्यावर मात्र घाई. उणे ३५ आहे, मांस आपोआप गोठेल, असं वाटतं ना? ते कातडं तुला ऊब देणारं तेच कातडं आहे. आत पोट आंबत राहतं आणि मांस नासतं. लगेच पोट रिकामं कर, मग कातडं काढ. अर्ध्या तासाने ते लाकूड होतं आणि सुरी चालत नाही. सांध्यांतून तोडत गेलास तर करवत लागत नाही. बोटं बधिर झाली की जनावराच्या उबदार पोटात घाल, सगळेच घालतात. सांधे सुजलेले, पू भरलेले दिसले तर ते मांस वेगळं ठेव, अधिकाऱ्याला दाखव, ब्रुसेलोसिस, माणसालाही होणारा जंतूंचा आजार, असू शकतो. कातडीखाली गोमाशीच्या अळ्या दिसतील, त्याने दचकू नकोस, मांसाला त्यांचं काही नाही. म्हातारे तर त्या खातात. मी खाल्ली आहे, एकदा. पुन्हा कुणी दिली नाही आणि मी मागितली नाही.

समुद्राच्या बर्फावरून वाट असेल तर मांस तंबूपासून लांब ठेव, अस्वलाला वास लांबून येतो. तुझ्याकडे अस्वलाचा टॅग नाही, स्वसंरक्षणात झाडावीच लागली तर ताबडतोब कळवावं लागतं.

परत आल्यावर बंदूक पडवीत. मांस घरात नाही, आधी गावात. पहिलं हरीण सगळं वाटून टाकायचं, मला उस्तादाने हे येण्याच्या वाटेवर सांगितलं होतं. मी वाटलं, पण एक फरा मागे ठेवला, काळ्या मसाल्यात करून बघायचा म्हणून. एवढ्या मोठ्या जनावरातला एक, कोण मोजतंय? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उस्तादाची बायको आली. तिने चहा घेतला, घरात मसाल्याचा वास दरवळत होता तो हुंगला, आणि जाताना बाहेर पडवीत एक पिशवी ठेवून गेली. आत दुसरा फरा होता, माझाच, मी त्यांना दिलेला. ती एवढंच म्हणाली की चार पायांचं जनावर तीन पायांवर त्यांच्याकडे आलं होतं.

मग मी दोन्ही फरे शिजवले आणि पातेलं घेऊन त्यांच्याकडे गेलो. म्हाताऱ्याने रस्सा चाखला, डोळे पुसले, आणि अजून मागितला.